सगळे वाचक एकाच पत्त्यावरून

वाचनालयाच्या ॲपच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आलं त्याच्या नोंदवहीत, गावातला वाचक, पुण्याला नोकरीसाठी गेलेला जुना सभासद, मस्कतहून रात्री पुस्तकांची यादी चाळणारा कोणीतरी, सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. १२७.०.०.१. म्हणजे खुद्द त्या सर्व्हरचाच पत्ता. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलंय, पण ॲप अगदी खरं तेच लिहीत असतं, कारण त्याच्याशी बोलायला येणारा खरंच एकटा असतो, त्याच मशीनवर पुढे बसलेला एनजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर. वाचक एनजिनएक्सशी बोलतो, एनजिनएक्स आत ॲपशी बोलतो, उत्तर घेऊन बाहेर देतो. ॲपला वाचक कधीच दिसत नाही. तो कुठून आला, कुठलं नाव टाइप करून आला, कुलूपवाल्या कनेक्शनवरून आला की साध्या, हे सगळं ॲपला एनजिनएक्स सांगेल तेवढंच कळतं.

ह्या एका गोष्टीचा मी खूप विचार करतो. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, त्यांची पुस्तकांची यादी, सभासदांचे अर्ज, वर्गणी, पुस्तक राखून ठेवणं हे सगळं एका जँगो ॲपवर (जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) चालतं आणि तो सर्व्हर आता माझ्याकडे सांभाळायला आहे. छोटंसं मशीन, दोन कोअर, दोन जीबी मेमरी. पुढे एनजिनएक्स ८० आणि ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनची क्रमांक दिलेली दारं), मागे ते जँगो ॲप चालवणारा गुनिकॉर्न ८००० वर. जगातल्या असंख्य छोट्या साइट अशाच चालतात, त्यामुळे यात विशेष काही नाही असं कोणी म्हणेल, पण मला त्यात विशेष वाटतं आणि ते का, तेच लिहायला बसलोय.

आधी संथ लोकांबद्दल.

गुनिकॉर्नच्या साध्या पद्धतीत एक वर्कर, म्हणजे ॲप चालवणारी एक प्रोसेस, एका वेळी एकच माणूस हाताळतो. वर्कर किती ठेवायचे याचा त्यांच्याच कागदपत्रांतला ठोकताळा म्हणजे कोअरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे आमच्याकडे पाच. आमचा एकेक वर्कर शंभर-दीडशे एमबी मेमरी खातो, त्यामुळे वाटेल तेवढे वाढवता येत नाहीत. आता असं धरा की सभासद व्हायचा अर्ज भरणारी एक मुलगी फोनवरून ओळखपत्राचा फोटो चढवतेय, फोटो चार एमबीचा, ती घाटाच्या पायथ्याशी, पाऊस लागलाय, रेंज एक काडी, सेकंदाला शंभर केबी कसेबसे जातायत. म्हणजे चाळीस सेकंद. समोर प्रॉक्सी, म्हणजे एनजिनएक्ससारखा मधला, नसेल तर तेवढा वेळ गुनिकॉर्नचा एक वर्कर तिचा एकेक तुकडा यायची वाट बघत नुसता बसून राहणार, दुसरं काहीही न करता. अशा पाच जणी एका वेळी आल्या की वाचनालय बंद. सर्व्हरचा प्रोसेसर तेव्हा दोन टक्क्यांवर असेल, मेमरी मोकळी असेल, आणि तरी साइट कोणालाच उघडणार नाही. शिवाय गुनिकॉर्नची मुळातली मुदत तीस सेकंदांची, त्यामुळे चाळीस सेकंद घेणारीचा फोटो तर पोचणारच नाही, तिसाव्या सेकंदाला वर्कर मारला जाईल आणि बिचारीला पुन्हा पहिल्यापासून.

एनजिनएक्स पुढे असला की तो फोटो तो स्वतः घेत बसतो. थोडासा भाग मेमरीत ठेवतो, त्यापेक्षा जास्त आलं की डिस्कवर तात्पुरत्या फाइलीत उतरवत जातो, आणि शेवटचा बाइट हातात आल्यावरच आत गुनिकॉर्नला हाक मारतो आणि सगळं एकदम देतो. आतल्या आत चार एमबी द्यायला काही मिलिसेकंद पुरतात. वर्करला कळतसुद्धा नाही की ती मुलगी चाळीस सेकंद झगडत होती. उत्तराचंही तेच, वर्कर पान तयार करून एनजिनएक्सच्या हातात देतो आणि मोकळा होतो, ते पान फोनपर्यंत हळूहळू पोचवायचं काम एनजिनएक्सचं. गावाकडच्या दवाखान्यात जुना कंपाउंडर असतो ना, म्हाताऱ्या माणसाला पिशवीतून कागद शोधायला हवा तेवढा वेळ देणारा, नाव-वय केसपेपरवर लिहून घेणारा आणि सगळं हातात आल्यावरच आत सोडणारा, तसं हे आहे. आतल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि म्हाताऱ्या माणसावर कोणी खेकसत नाही.

आणि हे एनजिनएक्सला जमतं कारण तो बांधलाच त्यासाठी गेलाय. १९९९ मध्ये डॅन केगेलने एक प्रश्न मांडला होता, एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार जणांशी कसं बोलायचं, सी-टेन-के म्हणून तो प्रसिद्ध झाला. तेव्हाचा अपाचे सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस देऊन टाकायचा, शंभर-दोनशे जणांना ते ठीक होतं, हजारोंना नाही. मॉस्कोत रॅम्बलर नावाच्या मोठ्या पोर्टलवर सिस्टिम सांभाळणारा इगोर सिसोयेव ह्याच अडचणीत होता, त्याने २००२ मध्ये लिहायला सुरुवात केली आणि ४ ऑक्टोबर २००४ ला एनजिनएक्स सगळ्यांसाठी खुला केला. त्यात मोजक्या वर्कर प्रोसेस असतात आणि प्रत्येक वर्कर हजारो कनेक्शन एकाच वेळी धरून ठेवतो, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारत राहतो की कोणाकडून काही आलंय का, आलं असेल त्याचं तेवढं काम करायचं आणि पुढे. कोणा एकासाठी खोळंबायचं नाही. एनजिनएक्सच्या स्वतःच्या माहितीत लिहिलंय की दहा हजार नुसती उघडी पडलेली कनेक्शन धरायला सुमारे अडीच एमबी मेमरी लागते. अडीच एमबी! आमच्या एका जँगो वर्करला लागते त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे वाट बघणं हे काम एनजिनएक्सला जवळजवळ फुकट पडतं आणि गुनिकॉर्नला प्रचंड महाग पडतं, आणि म्हणून वाट बघायचं काम पुढे आणि डोकं लावायचं काम मागे, ही वाटणी मला इतकी पटते.

गुनिकॉर्नवाले हे स्वतःच स्पष्ट सांगतात, की पुढे प्रॉक्सी ठेवा, आणि संथ लोकांना अडवून धरणारी ठेवा, नाहीतर साधे वर्कर कोणीही अडकवून ठेवू शकेल. २००९ मध्ये स्लोलॉरिस नावाचं एक हत्यार आलं होतं, ते एवढंच करायचं, खूप कनेक्शन उघडायची आणि प्रत्येकावर अगदी थेंब-थेंब पाठवत राहायचं, विनंती कधी पुरीच करायची नाही. एका साध्या लॅपटॉपवरून मोठाले अपाचे सर्व्हर त्याने बसवले. आणि मला नेहमी वाटतं की सर्व्हरच्या नजरेने बघितलं तर तो हल्लेखोर आणि घाटाच्या पायथ्याची ती मुलगी दोघं सारखीच दिसतात. म्हणून संथ माणसाला हाकलून देणं हा उपाय मला कधीच मान्य होत नाही, त्याला सामावून घेईल अशी रचना करायला हवी आणि ती गेली वीस वर्षं आपल्याला फुकट उपलब्ध आहे.

आता दुसरा भाग, ॲपला बाहेरचं काय सांगायचं.

हा सर्व्हर माझ्याकडे आला तेव्हा आधीच्या लोकांनी प्रॉक्सी पासची, म्हणजे आलेली विनंती आत ॲपकडे दे एवढंच सांगणारी, एक ओळ लिहून काम थांबवलेलं होतं. साइट उघडत होती त्यामुळे कोणाला काही खटकलं नव्हतं. मग एका संध्याकाळी ग्रंथपाल ताईंचा फोन.

"अहो दादा, कोणालाच लॉगिन होत नाहीये. माझंसुद्धा नाही. समोर तीन मुलं उभी आहेत पुस्तकं घेऊन."

झालं असं होतं की ॲपमध्ये चांगल्या हेतूने एक नियम होता, एका पत्त्यावरून पाच वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता अर्धा तास बंद. कुठल्यातरी आजोबांनी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. आणि ॲपच्या दृष्टीने जगात पत्ता एकच, १२७.०.०.१, त्यामुळे एका आजोबांपायी अख्खं वाचनालय बाहेर. ताईंना मी नियम तेवढ्यापुरता काढून दिला आणि मग नीट बसलो.

एनजिनएक्सला सांगावं लागतं की आत जाताना सोबत काय काय लिहून दे, अशा सोबतच्या ओळींना हेडर म्हणतात. होस्ट हा पहिला, म्हणजे वाचकाने टाइप केलेलं साइटचं नाव. हे सांगितलं नाही तर एनजिनएक्स आतल्या सर्व्हरचंच नाव पुढे करतो, आणि मग पासवर्ड बदलायची जी मेल सभासदाला जाते तिच्यातली लिंक १२७.०.०.१:८००० ने सुरू होते, सभासद ती आपल्या फोनवर दाबतो आणि फोन स्वतःच्याच आत तो पोर्ट शोधत बसतो. ही मेल मी ह्याच सर्व्हरवर बघितली आहे. दुसरा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो, म्हणजे बाहेरचा माणूस एचटीटीपीएसने आला की साध्या एचटीटीपीने. कारण कुलूप एनजिनएक्सपाशीच उघडतं, सर्टिफिकेट त्याच्याकडे, आत सगळं साधं. ॲपला हे सांगितलं नाही आणि ॲपमध्ये "साधं आलं तर एचटीटीपीएसकडे पाठव" असं चालू असेल, तर ॲप म्हणतं तिकडे जा, ब्राउझर तिकडे जातो, एनजिनएक्स कुलूप उघडून पुन्हा साधंच आत देतो, ॲप पुन्हा म्हणतं तिकडे जा, आणि वीसेक फेऱ्यांनंतर ब्राउझर हात टेकतो. जँगोत ह्यासाठी वेगळी सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. ती बंद आहे हेच बरोबर आहे, का ते आता येतं.

तिसरा एक्स-फॉरवर्डेड-फॉर. बाहेरच्या माणसाचा खरा पत्ता. इथे बहुतेक जण इंटरनेटवरून एक ओळ चिकटवतात आणि पुढे जातात, पण मला वाटतं अख्ख्या रचनेत सगळ्यात काळजीने वाचायची ओळ हीच आहे. हे हेडर म्हणजे शेवटी विनंतीसोबत आलेला मजकूर, आणि तो कोणीही लिहू शकतो. मी माझ्या लॅपटॉपवरून कर्ल (हाताने विनंती पाठवायचं साधन) चालवून त्यात वाटेल तो पत्ता घालून पाठवू शकतो. नेहमीची जी ओळ आहे ती आलेला मजकूर तसाच ठेवून त्याच्या शेवटी स्वतःला दिसलेला पत्ता जोडते. म्हणजे डावीकडचा पत्ता हा पाठवणाऱ्याचा दावा आणि उजवीकडचा शेवटचा हा एनजिनएक्सने स्वतः बघितलेला. आणि कित्येक ॲप बिनदिक्कत डावीकडचा पहिला उचलतात! मग पासवर्डचा नियम उलटा फिरतो, हल्लेखोर दर वेळी नवीन पत्ता लिहून पाठवतो आणि त्याला कधीच कोणी अडवत नाही. आमच्याकडे प्रॉक्सी एकच आहे, म्हणून मी एनजिनएक्सला सांगितलंय की बाहेरून ह्या नावाचं जे काही येईल ते पुसून टाक आणि तुला दिसलेला पत्ताच लिही. पुढे सीडीएन, म्हणजे साइटच्या पुढे उभी राहणारी बाहेरची सेवा, वगैरे काही असेल तर उजवीकडून मोजायचं, आपल्या ओळखीच्या जेवढ्या पायऱ्या आहेत तेवढ्याच.

तरी पत्ता म्हणजे माणूस नव्हे हेही आहेच. मोबाइल कंपन्या एकेका जुन्या आयपी पत्त्यामागे शेकडो-हजारो ग्राहक बसवतात, त्यामुळे खरा पत्ता मिळूनही एका आजोबांमुळे त्याच कंपनीचे दहा शेजारी अडकू शकतात. शेवटी नियम बदलून सभासदाचं नाव आणि पत्ता दोन्ही मिळून मोजायला लावले. आता आजोबा फक्त स्वतःलाच अर्धा तास थांबवू शकतात.

आणि हे सगळं विश्वासाचं प्रकरण ज्यावर उभं आहे ती अट म्हणजे आत यायचा दुसरा रस्ता असता कामा नये. गुनिकॉर्न मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो, म्हणजे फक्त मशीनच्या आतून. पण कोणीतरी घाईत ते बदलून ०.०.०.०, म्हणजे बाहेरूनही ऐक, असं करतो, "चालतंय का बघू" म्हणून, आणि तसंच राहतं. मग कोणीही पत्त्यापुढे :८००० लिहून एनजिनएक्सला न भेटता थेट ॲपपाशी जातो, मनाला येईल ते हेडर लिहून, आणि ॲप ते मानतं कारण त्याला आपण शिकवलंय की हे हेडर मानायचे. डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं साधन) वापरणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं, डॉकरने पोर्ट बाहेर काढला की तो स्वतःचे नियम फायरवॉलमध्ये घालतो आणि उबंटूवरचं यूएफडब्ल्यू हे फायरवॉल सांभाळायचं साधन "८००० बंद" म्हणत असतानाही पोर्ट बाहेरून उघडा असतो. पोर्ट लिहिताना आधी १२७.०.०.१ लावलं की झालं. मी कुठलाही नवीन सर्व्हर हातात आला की पहिल्यांदा कोणता पोर्ट कुठे ऐकतोय ते बघतो आणि मग घरच्या इंटरनेटवरून स्वतः तो उघडून बघतो, आतून बघितलेलं पुरत नाही.

स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या फायली, मुखपृष्ठांचे फोटो वगैरे एनजिनएक्सच परस्पर देतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. प्रॉक्सी पासच्या शेवटी तिरकी रेघ असणं-नसणं यावर आत जाणारा पाथ (साइटच्या नावापुढचा पत्ता) बदलतो, तेवढं मात्र एकदा हाताने करून बघावं, वाचून लक्षात राहत नाही.

लॉगमध्ये प्रत्येक विनंतीचा निकाल सांगणारा जो आकडा असतो, त्या आकड्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं. ४१३ आला की समजायचं अडवणूक पुढेच झाली. एनजिनएक्स मुळात एक एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही, आणि आजकाल कुठल्याही फोनचा फोटो तीन-चार एमबीचा. ताई म्हणायच्या फोटो जातच नाही आणि ॲपच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नाही, कारण ॲपपर्यंत ती विनंती गेलीच नव्हती, ते सगळं एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये पडून होतं. ५०२ म्हणजे आत हाक मारली आणि नीट उत्तर आलं नाही. ५०४ म्हणजे वाट बघून एनजिनएक्स थकला, मुळात साठ सेकंदांनी. इथे एक बारकावा आहे, वर्षाचा वर्गणी अहवाल काढायला आमच्याकडे बराच वेळ लागायचा आणि समोर ५०२ यायचा, तेव्हा आधीच्या लोकांनी एनजिनएक्सची मुदत साठवरून तीनशेवर नेऊन ठेवली होती, फरक काहीच नाही. कारण मुदत संपत होती ती गुनिकॉर्नची, तिसाव्या सेकंदाला तो आपल्याच वर्करला मारायचा, कनेक्शन अर्ध्यात तुटायचं आणि एनजिनएक्स ५०२ लिहायचा. ५०४ असता तर गोष्ट वेगळी. अहवाल आता रात्री आपोआप तयार होऊन बसतो, ताई सकाळी फक्त उतरवून घेतात, आणि दोन्ही मुदती जिथल्या तिथे परत आणल्या.

आणि ४९९. हा एनजिनएक्सचा स्वतःचा आकडा, प्रमाणित यादीत नाही. उत्तर मिळायच्या आत समोरचा निघून गेला, एवढाच त्याचा अर्थ. बाकी सगळे आकडे यंत्राबद्दल सांगतात, हा एक माणसाबद्दल सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडे ते वाढतात आणि जास्त करून त्या फोटोच्या पानावरच. कोणीतरी अर्ज भरला, फोटो निवडला, वाट बघितली आणि सोडून दिलं. वाचनालयाचं सभासद व्हायला निघालेला माणूस परत गेला ही माझ्यासाठी छोटी गोष्ट नाही.

तेव्हा लॉगच्या ओळीत दोन वेळा शेजारी-शेजारी लिहायला लावल्या, विनंतीला लागलेला एकूण वेळ आणि त्यातला आतल्या सर्व्हरने घेतलेला. ज्यांचे फोटो पोचले त्यांच्या ओळी मग अशा दिसायला लागल्या, एकूण ४१.२०७, आत ०.०८४. म्हणजे ॲपने दहाव्या हिश्श्याइतकाही सेकंद घेतलेला नाही, बाकी सगळा वेळ रस्त्यात. ह्या दोन आकड्यांनी बरेच वाद मिटले. समितीतल्या एका सद्गृहस्थांचं म्हणणं होतं की मोठा सर्व्हर घेऊ, दुप्पट पैसे द्यायची तयारी होती त्यांची, आणि पैसे देणगीतले. मी त्यांना ह्या ओळी छापून दाखवल्या, ते निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना लगेच उमगलं.

"म्हणजे आपल्या ऑफिसात टपाल तुंबत नाहीये, वाटेत अडकतंय," म्हणाले.

मग सर्व्हरला हातच लावला नाही. फोटो निवडल्याबरोबर फोनच्या ब्राउझरमध्येच तो लहान होतो आणि मग निघतो, अडीच-तीनशे केबीचा, ओळखपत्रावरचं नाव स्वच्छ वाचता येतं तेवढा. ताईंना एनजिनएक्सच्या लॉगमधल्या फक्त ह्याच पानाच्या ओळींचं एक छोटं पान करून दिलंय, किती अर्ज पोचले आणि किती ४९९ झाले, ते त्या रोज बघतात. पाऊस सुरू व्हायचाय अजून. जूनमध्ये शाळा उघडल्या की अर्जांची गर्दी होते, आकडे तेव्हा कळतील.